शून्य कपातीची चिठ्ठी

१

चिठ्ठी तळहाताएवढी. पण तेवढ्याशा कागदापायी सकाळी सव्वानऊला अख्खं पोलीस ठाणं एकमेकांकडे पाठ फिरवून बसलं.

त्याआधी सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. वायरलेसवर बसणारी एक पोरगी होती, तिला लहानथोर सगळे ताईच म्हणत. तिनं महिनाभर खपून एक तक्ता आखला होता. ठाण्यातल्या कुणाच्या पगारातून आरोग्य विम्यापायी दरमहा किती कापलं जातं आणि आजारपणात त्यातलं किती परत हाती येतं, याची ती तुलना होती. भरती वेगवेगळ्या वर्षांची, म्हणून विमेही नाना तऱ्हांचे. एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसणारे दोघे, पण एकाची कपात दुसऱ्याच्या दुप्पट. आता एक कंपनी सगळ्यांना मिळून एकच गटविमा द्यायला तयार झाली होती. कपात कमी, शिवाय आईवडीलही त्यात. अट एवढीच, की आज संध्याकाळी पाचच्या आत ठाण्यातल्या तेवीसच्या तेवीस जणांच्या सह्या हव्यात. एक जरी कमी पडली तरी प्रस्ताव बाद.

ताईचा जीव त्या सह्यांत अडकला होता. तिच्या आईचा खुबा झिजला होता. आठ महिने ती माउली तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसलेली. भाजीवाला तिला हात करायचा, पोस्टमन हात करायचा, आणि ती वरून राणीसारखी मान हलवायची. पण जिना मात्र तिला विसरून गेला होता. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख राखून ठेवली होती. जुना विमा आईला ओळखत नव्हता. नवा ओळखणार होता.

तुलनेसाठी आकडे हवेत, आणि पोलिसांकडून आकडे काढणं महाकठीण. दुसऱ्याच्या खिशातलं भडाभडा बाहेर काढणारी ही माणसं स्वतःच्या खिशाचं विचारलं की जीभ टाळ्याला चिकटवतात. म्हणून ताईनं निनावी चिठ्ठ्या मागवल्या. तर या मंडळींनी अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कुणी डाव्या हातानं लिहिलं, कुणी पट्टी धरून, आणि एकानं तर वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवली.

सकाळच्या हजेरीला ताईनं पेटी उघडून चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. सतराव्या चिठ्ठीला तिचा आवाज अडखळला.

सेवा: आठ वर्षे. अवलंबून असलेले: एक. दरमहा कपात: शून्य. वर्षभरातले उपचार: पायाची शस्त्रक्रिया एक, दात काढले दोन, दर महिन्याला तपासणी. स्वतःच्या खिशातला खर्च: शून्य.

मग मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसं झालं. आम्ही दाढ भरायला उसनवारी करायची आणि इथं कुणीतरी फुकटात दात काढून घेतोय! ठाण्याचं सगळं लिखाण सांभाळणाऱ्या रायटरनं तर पेन टेबलावर आपटलं.

"हा सरकारचा जावई कोण ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही," तो म्हणाला.

बघता बघता सगळी पेनं खिशात परत गेली. मोठ्या साहेबांनी ताकीद दिली, की ही कुणाची चेष्टा असेल तर चेष्टेखोराची बदली सगळ्यात लांबच्या चौकीवर होईल, आणि खरं असेल तर प्रकरण त्याहून मोठं. मग त्यांनी ती पेटीच जप्त केली, लाखेचं सील ठोकलं आणि मुद्देमालाच्या खोलीत धाडली.

बाहेर व्हरांड्यात पर्स चोरीला गेलेली एक बाई रडत होती. ठाण्याची कुत्री काजळी तिच्या पायाशी बसली होती, आणि ती बाई हुंदके देता देता तिच्या कानामागं खाजवत होती. अख्ख्या ठाण्यात तेवढ्याच जागी शांतता होती.

२

मुद्देमालाची खोली मावशींची. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या हवालदार. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि ओठांवर सदा काहीतरी गुणगुणणं. चोरीच्या भांड्यांवरून फडकं फिरवताना त्या दोन ओळी रचायच्या, आणि पुढची भांडी येईपर्यंत विसरून जायच्या. लोक म्हणत, मावशींनी कुणाचा गुन्हा शोधला नाही, गुन्हेच त्यांना शोधत येतात.

आज ताई आली. डोळे भरलेले, हातात तक्ता. आईनं पहाटेच उठून, पाच वाजता मी खिडकीतच असेन, सही झाली की खालूनच हात कर, असं सांगून ठेवलं होतं म्हणे.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं, आणि सीलबंद पेटीकडे बघत हलकेच म्हणाल्या:

सुई हरवली बाई, धुंडाळलं सारं घर,
खोचून ठेवलेली, माझ्याच बाहीवर.

"म्हणजे काय, मावशी?"

"मलाही अजून ठाऊक नाही गं. चल, चहा सांग सगळ्यांना. आणि बेकरीतले टोस्ट आण. चांगले दगडासारखे."

मावशींचा हिशेब सरळ होता. नुकतेच दोन दात काढलेला माणूस कडक टोस्टाला दचकतो. त्या ट्रे घेऊन स्वतः टेबलाटेबलाशी फिरल्या. व्हरांड्याच्या पायऱ्यांच्या कडेला चार महिन्यांपासून एक फळी तिरकी टाकलेली होती, तीवरून त्या अंगणातही उतरल्या. सगळीकडे कटाकट आवाज उठला. रायटरनं राग टोस्टावर काढला. ठाण्याचा दांडगा शिपाई, ज्याला सगळे पहिलवान म्हणत, त्यानं तीन टोस्ट दाढेखाली असे फोडले की शेजारच्याच्या डोळ्यांत चुरा गेला. ड्रायव्हर शीळ घालत खात होता.

फक्त एकानं टोस्ट तोंडात घातला नाही. तो काजळीचा सांभाळणारा. चाळिशीचा, कमी बोलणारा, बायको गेल्यापासून एकटा राहणारा माणूस. त्यानं टोस्ट मोडला, बशीत चहा ओतला आणि तुकडे त्यात भिजत घातले.

मावशींनी पाहिलं, आणि काहीच न पाहिल्यासारख्या पुढे गेल्या.

३

आठ वर्षं सेवा झालेले ठाण्यात दोघेच. ड्रायव्हर आणि पहिलवान, एकाच तुकडीतून भरती झालेले. मावशींनी आधी ड्रायव्हरला खोलीत बोलावलं.

ड्रायव्हर लंगडत आला. गेले काही महिने आठवड्यातून तीनदा तो संध्याकाळी कुठं तरी गायब व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी पाय ओढत यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींनी पायाचं विचारताच त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग दार लावून, किल्लीच्या भोकात कुणाचा डोळा नाही ना बघून, त्यानं कबुली दिली. तो नाच शिकत होता. बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि तिनं अट घातली होती, की दादा नाचणार असेल तरच मी बोहल्यावर उभी राहीन. डावा पाय ऐकत होता, उजवा बंड करत होता.

"दाखव बरं," मावशी म्हणाल्या.

जप्त केलेल्या तीन सायकली आणि एका शिलाई मशीनच्या मधल्या जागेत ड्रायव्हर दोन गिरक्या घेऊन दाखवता झाला. हा पाय शस्त्रक्रियेचा नव्हता. हा पाय निव्वळ बेतालपणाचा होता.

पहिलवानाच्या खिशातून दातांच्या दवाखान्याचं कार्ड डोकावत होतं. दर गुरुवारची तारीख. मावशींना वाटलं, सापडला. पण तीन टोस्ट फोडणाऱ्याचे दात कुणी का काढावेत? पहिलवान आधी छातीवर हाताची घडी घालून बसला, मग हळूहळू वितळला. दात ठणठणीत होते. दवाखान्यात नोंदणीच्या टेबलाशी एक मुलगी बसायची. पहिलवान तपासणीच्या नावाखाली दर गुरुवारी तिच्यासमोर तोंड उघडायला जायचा आणि तिच्याशी बोलायची वेळ आली की मिटून घ्यायचा.

"पैसे भरतोस का दर वेळी?"

"भरतो, मावशी."

"मग शून्य खर्चवाला तू नव्हेस. पण पुढच्या गुरुवारी दात दाखवू नकोस. नाव विचार."

दोन संशयित आले, दोन गुपितं ठेवून गेले. दुपारचे दोन वाजले. मावशींनी रायटरच्या टेबलाशी जाऊन पगारपत्रक मागितलं. तेवीस नावं. एकेका नावापुढे कपातीचा रकाना. त्यांनी बोट ठेवून तीनदा वाचलं. कुणाची कपात कमी, कुणाची जास्त, पण शून्य एकाचीही नाही.

"म्हणजे चिठ्ठी खोटी," रायटर म्हणाला.

"किंवा," मावशी म्हणाल्या, "चिठ्ठी लिहिणारा या कागदावर नाहीच."

४

पंच म्हणून ड्रायव्हर आणि पहिलवान यांना उभं करून मावशींनी पेटीचं सील फोडलं. सकाळी सतराव्या चिठ्ठीलाच गोंधळ उठल्यामुळे पुढच्या चिठ्ठ्या कुणी वाचल्या नव्हत्या, आणि मोजल्या तर मुळीच नव्हत्या. मावशींनी एकेक चिठ्ठी सतरंजीवर मांडली. सहाच्या चार रांगा झाल्या.

चोवीस.

पहिलवानानं बोटांवर पुन्हा मोजलं. चोवीस. माणसं तेवीस, चिठ्ठ्या चोवीस.

बाहेरच्या कुणी टाकली म्हणावं तर पेटी वायरलेसच्या खोलीत कुलपात होती, आणि प्रत्येक कागदावर ठाण्याचा गोल शिक्का होता. तो शिक्का रायटरच्या खणातून हलत नाही. मावशींनी त्याला तिथंच बोलावून घेतलं.

"शिक्के किती कागदांवर मारलेस?"

"जितके लोक तितक्यांवर."

"लोक मोजलेस?"

रायटर दुखावला. वीस वर्षं तो मोजणीच करत आला होता. पण चिठ्ठ्या वाटायची त्याची रीत वेगळी. ड्यूटीचा फळा समोर ठेवायचा, त्यावरचे बिल्ल्याचे नंबर एकेका पाकिटावर उतरवायचे, आणि पाकीट ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं. फळ्यावर नावं नसतात, नुसते नंबर.

"मी नंबर बघतो, मावशी. तोंडं बघत बसलो तर संध्याकाळ होईल."

मावशी उठल्या. किल्ल्यांचा जुडगा छुमछुम वाजत ड्यूटीच्या फळ्यापर्यंत गेला आणि थांबला. खडूनं लिहिलेले नंबर त्यांनी वरपासून खालपर्यंत मोजले, मग खालपासून वर.

पगारपत्रकावर तेवीस. ड्यूटीच्या फळ्यावर चोवीस.

त्या बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. राबतो सगळ्यांबरोबर, पण पगार एका पैशाचा घेत नाही, असा या ठाण्यात कोण आहे? आणि मग त्यांना पायाखालची तिरकी फळी आठवली. भिजत घातलेला टोस्ट आठवला.

घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. मावशींनी उरलेला एक टोस्ट पदरमोड करून आणलेल्या दुधात बुडवला आणि मागच्या दारानं अंगणात गेल्या.

५

मागच्या भिंतीलगत ऊन पडलं होतं. काजळी त्यात पाय पसरून पडली होती आणि तिचा सांभाळणारा ब्रशनं तिचे केस विंचरत होता. मावशी पायरीवर बसल्या. दुधातला टोस्ट काजळीपुढे धरला. तिनं तो अलगद, एका बाजूनं चावून खाल्ला.

"दात कुठले काढले रे हिचे?"

ब्रश थांबला.

"उजवीकडचे दोन," तो म्हणाला. "खालचे."

"मघाशी तुझ्यावरच संशय घेतला मी. म्हटलं, याला चावता येत नाही."

त्यानं तोंड उघडून दाखवलं. बत्तीसच्या बत्तीस. भिजवलेला टोस्ट काजळीसाठी होता. आणि मग, एकदा उघडलेलं तोंड मिटेना. आठ वर्षं काजळीनं या ठाण्यात काम केलं. हरवलेली माणसं काढून दिली, चोर पकडून दिले. पाच महिन्यांपूर्वी पडक्या भिंतीवरून उडी मारताना पाय मोडला, खात्यानं शस्त्रक्रिया केली. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून त्यानं फळी टाकली. आता या महिन्याअखेर तिची निवृत्ती होती. तो तिला घरी नेणारच होता. पण निवृत्त झाली त्या दिवसापासून औषध बंद, डॉक्टर बंद, सगळं बंद. त्याच्या एकट्याच्या पगारात ते बसत नव्हतं.

"मग परवा खणात दोन पाकिटं आली. एक माझ्या नंबरचं, एक हिच्या. तिला खण नाही ना, तिचं सगळं माझ्याच खणात येतं. मावशी, आठ वर्षांत हिला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, की बाई, तुझं कसं चाललंय. मी खरं खरं लिहून टाकलं."

"सकाळी बोलला का नाहीस?"

"साहेब म्हणाले, बदली. लांबच्या चौकीवर. हिचे शेवटचे वीस दिवस, आणि मी तिथं?" त्यानं काजळीच्या मानेत बोटं घातली. "पण ताईच्या आईचं ऐकल्यापासून घास उतरला नाही. आत्ता येणारच होतो सांगायला."

मावशींनी काजळीचा कान हातात घेतला. तो उन्हानं गरम झाला होता.

"तू सांगतोस, की मी?"

"तुम्ही सांगा. माझा आवाज फुटायचा नाही."

६

साडेचारला सगळे हजेरीच्या दालनात जमले. कंपनीचा माणूस कागद घेऊन आधीच बसला होता आणि सारखा घड्याळ बघत होता. ताई दाराशी उभी होती.

मावशींनी एका हातात पगारपत्रक धरलं, आणि दुसऱ्या हातानं ड्यूटीच्या फळ्याकडे बोट दाखवलं.

"चेष्टा कुणी केली नाही, आणि फुकट कुणी खाल्लं नाही," त्या म्हणाल्या. "कपात पगारातून होते. ज्याला पगारच नाही, त्याची कपात शून्य. आपल्यात तेवीस जण पगार घेतात. ड्यूटी चोवीस जण करतात. चोविसाव्या नंबरला रायटरनं रीतीनं पाकीट दिलं, आणि चोविसाव्या नंबरनं रीतीनं उत्तर दिलं. सरकारचा जावई शोधत होता ना? जावई नाही रे, लेक आहे. ती बघा, दारात बसलीय."

सगळ्या माना वळल्या. काजळीनं शेपटी जमिनीवर दोनदा आपटली.

आधी ड्रायव्हरला हसू फुटलं, मग पहिलवानाला, मग हसण्याची अशी लाट आली की कंपनीचा माणूसही कागद तोंडावर धरून हसू लागला. महिनाभर कुणाचा विमा सरस याची तुलना चाललेली, आणि साऱ्या ठाण्यात सगळ्यात चांगला निघाला तो कुत्रीचा. रायटरनं डोळे पुसले. आपणच शिक्का मारून दिला होता, हे आठवून त्याला पुन्हा हसू आलं.

"पण मावशी," तो दम घेत म्हणाला, "अवलंबून असलेले, एक. तो कोण?"

हसणं ओसरलं. दाराजवळून खाकरल्याचा आवाज आला. आवाज फुटणार नाही म्हणणाऱ्याचा आवाज फुटला होता.

"तो एक म्हणजे मी," काजळीचा सांभाळणारा म्हणाला.

रायटर उठला, खिशातून पेन काढलं आणि कंपनीच्या कागदावर पहिली सही केली. त्याच्यामागे रांग लागली. तेविसावी सही मावशींची. पाचला चार मिनिटं कमी होती. ताई धावत फाटकाबाहेर गेली. तिची इमारत रस्त्याच्या टोकालाच होती. ठाण्यातल्यांनी खिडकीतून पाहिलं, की ती दोन्ही हात वर करून भर रस्त्यात नाचतेय, आणि लांब तिसऱ्या मजल्यावर पांढरं काहीतरी फडफडतंय. रुमाल असावा.

राहिला बदलीचा प्रश्न. साहेबांनी ती तळहाताएवढी चिठ्ठी हातात घेतली.

"यात एक तरी अक्षर खोटं आहे, मावशी?"

"नाही, साहेब."

"मग चेष्टा कुठाय?" ते म्हणाले, आणि कपाळाला आठी घालून फळ्याकडे बघत राहिले. "जनावरांचे डॉक्टर औषध कशावर देतात हो? पगारपत्रकावर?"

"ड्यूटीच्या फळ्यावर," मावशी म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचे डोळे चमकले. "फळ्यावर नंबर आहे तोवर औषध."

ज्यांचे पाय, पाठी, गुडघे जायबंदी झालेत त्यांना साहेब हलकी ड्यूटी देत. मुदतवाढीची शिफारस करणंही त्यांच्याच हातात होतं. सेवेत असलेल्याचे पाय दोन हवेत, असं नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं. रायटरनं पुस्तक चाळून खात्री केली. शिफारस त्याच संध्याकाळी वर गेली आणि आठवडा संपायच्या आत मंजूर होऊन आली. मग साहेबांनी स्वतः खडू घेतला आणि चोविसाव्या नंबरपुढे लिहिलं: हलकी ड्यूटी. व्हरांडा. घाबरून आलेल्या माणसांजवळ बसणे.

ते काम ती आधीपासूनच करत होती.

पुढची गोष्ट थोडी. ड्रायव्हर बहिणीच्या लग्नात नाचला, उजव्या पायासकट. पहिलवानानं नाव विचारलं, आणि आता गुरुवारखेरीज इतर वारीही दवाखान्यात जातो. मावशींच्या खोलीतून त्या दिवसांत एक नवी ओळ ऐकू यायची:

मोजणाऱ्यानं मोजली, तेवीस सारी भली,
चोविसावी दारामधी, शेपूट हलवत बसली.

आणि अडीच महिन्यांनी एका सकाळी ताईची आई काठी टेकत ठाण्याच्या फाटकात उभी राहिली. तिला मावशींना भेटायचं होतं. जिना उतरून, रस्ता ओलांडून, भाजीवाल्याशी भावावरून भांडून ती स्वतःच्या पायांनी आली होती. पण व्हरांड्याच्या पायऱ्या जरा उंच होत्या. ती थबकली. ताई हात द्यायला पुढे झाली.

तेवढ्यात काजळी उठली. पायऱ्यांच्या कडेच्या फळीवर तिनं पाऊल ठेवलं, सावकाश अर्ध्यावर गेली, आणि थांबून मागं वळून पाहिलं.

"अगंबाई, इकडून होय," ताईची आई म्हणाली, आणि काठी फळीवर टेकली.